क्रमांक सात, हजर

आमच्या गावच्या अग्निशमन विभागाचा इतिहास १९७५ साली सुरू होतो. त्याच्या आदल्या वर्षी पालिकेच्या दप्तरखान्याला आग लागली आणि आधीचं सगळं दप्तर त्यात गेलं, त्यामुळे त्यापूर्वीचा इतिहास लिहिण्याचा प्रश्न उरला नाही. शेजारच्या शहरातून बंब निघाला होता, पण वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. तो पोचला तेव्हा लोक रिकाम्या कळशा घेऊन घरी परतत होते. आलोच आहोत तर तसंच कशाला जायचं, म्हणून बंबवाल्यांनी पालिकेसमोरच्या बागेला पाणी घातलं. त्या वर्षी बाग फार चांगली आली, असं जुने लोक सांगतात.

हे मी सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिलं, तेव्हा अग्निशमन अधिकारी विश्वजित घोरपडे यांनी बागेचं वाक्य ठेवलं आणि फाटकाचं खोडलं. "रेल्वे केंद्राकडे येते, सर," ते म्हणाले.

स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि पालिकेच्या गाळ्यात माझ्या भावाचं दुकान आहे. विश्वजितनी मला पन्नास वर्षांची वर्दी रजिस्टरं काढून दिली. आग लागल्याचा निरोप आला की त्याला इथे वर्दी म्हणतात, आणि ती आधी रजिस्टरात लिहून मग बंब हलतो. मी महिनाभर त्या वर्द्या वाचत बसलो. पहिला बंब लष्कराने लिलावात काढलेला होता आणि त्याने पहिल्या वर्षात दोन आगी विझवल्या, एकोणीस वेळा मंत्र्यांच्या हेलिपॅडवरची धूळ दाबली आणि अकरा लग्नांना पाणी पुरवलं. लग्नाच्या वर्दीसमोर 'जीवितहानी : निरंक' असं लिहिलेलं आहे. निरंक म्हणजे काही नाही. पालिकेत 'काही नाही' असं कोणी लिहीत नाही.

विभागाची रचना समजायला सोपी आहे. मंजूर पदं चोवीस, भरलेली अकरा. कागदावर तीन पाळ्या, प्रत्यक्षात दोन. वर एक अधिकारी, त्याच्या हाताखाली लीडिंग फायरमन, मग ड्रायव्हर आणि खाली फायरमन. सरकारी मराठीत त्यांना विमोचक म्हणतात, गाव बंबवाला म्हणतं. प्रत्येकाला एक क्रमांक असतो. तो हेल्मेटवर रंगवलेला असतो आणि पाळीच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असतो. सकाळी हजेरीला नाव घेत नाहीत. "सात!" म्हटलं की सात क्रमांकाने "हजर" म्हणायचं.

आता यातली एक गोष्ट कुठल्याच रजिस्टरात नाही. कुणाचं लग्नकार्य निघालं, सण आला, तर रजा मिळत नसे, कारण माणसंच नव्हती. मग दुसऱ्या पाळीतला गडी त्याचं हेल्मेट घालून उभा राही आणि "सात!" म्हटल्यावर तो "हजर" म्हणे. यालाच बदली म्हणत. माणूस कोणीही असो, क्रमांक हजर पाहिजे. हे बंद करा म्हणून दोनदा परिपत्रक निघालं होतं. असा प्रकार आढळला तर दोघंही निलंबित होतील आणि पाळीच्या प्रमुखाची चौकशी लागेल, असं त्यात होतं. ते परिपत्रक फळ्याशेजारी चिकटवलेलं असे आणि बदल्या त्याच्याखाली उभं राहून ठरत.

सोळा वर्षांपूर्वीच्या रमजान ईदची वर्दी माझ्या हाताला लागली, तेव्हा मला आनंद झाला, हे मी कबूल करतो. इतिहासाला एखादा शूर माणूस लागतोच, आणि तोवर मला हेलिपॅडच मिळालं होतं. वर्दी अशी होती. सकाळी साडेदहा, मार्केट यार्डातलं बारदानाचं गोदाम. विमोचक क्रमांक सात, अल्लाबक्ष बाबालाल मुलाणी यांनी धुरात शिरून पोटमाळ्यावर अडकलेल्या राखणदारास सुखरूप बाहेर काढलं. भिंत कोसळून मदत करणारा एक नागरिक मयत. साहित्य : होज पाईप दोन, फाटलेले. पाईपच्या तोंडाचं पितळी नोझल एक, सुस्थितीत जमा.

खाली सही होती भाऊसो पाटलांची. ते त्या वेळी लीडिंग फायरमन होते, आता हयात नाहीत. अल्लाबक्ष मुलाणींना पुढच्या सव्वीस जानेवारीला प्रशस्तिपत्र मिळाल्याची नोंदही सापडली. ते तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि ईदगाहामागे राहतात. मी पेन आणि मोबाईल घेऊन त्यांच्या घरी गेलो.

प्रशस्तिपत्र कुठे दिसलं नाही. भिंतीवर मक्केचं चित्र होतं, एक घड्याळ होतं आणि एक खिळा रिकामा होता.

"भाई, त्या ईदच्या आगीबद्दल जरा सांगा," मी म्हणालो. "म्हणजे आत शिरलात तेव्हा मनात काय होतं?"

अल्लाबक्षभाईंनी माझ्याकडे पाहिलं. उंच, वाकलेला माणूस. हात गुडघ्यांवर ठेवलेले.

"मनात व्हय? मनात शिरखुर्मा हुता," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. आतून त्यांच्या बायकोचा, मेहरुनबींचा आवाज आला, "सांगा की आता. किती दिस पोटात धरनार?"

मग त्यांनी सांगितलं.

"सर, सातचं हेल्मेट माजं, खरं हाय. पर त्या दिशी खालचं डोस्कं केरूचं हुतं. केरू खरात. क्रमांक अकरा. म्हसवडाकडचा. आमचं एकोनीस वरसं ठरल्यालं. ईदला त्यो माजी डुटी करायचा, चौदा एप्रिलला मी त्याची. त्याला जयंतीच्या मिरवणुकीत ढोल लागायचा आन मला नमाज. चौदा एप्रिललाच आमचा फायरचा दिन. शहीद झालेल्यांला सलामी आस्ती. ती केरूनं जिंदगीत येकदाबी दिली न्हाई, दर साली त्याच्या नावानं मीच ठोकली. त्यो म्हनायचा, तू दे रं सलामी, मी हितनं ढोल वाजवतो, पोचतंय."

"मग त्या दिवशी आत गेले ते..."

"केरू गेला. त्या राखणदाराला खांद्यावर टाकून भाईर आणला. काम झालं हुतं, सर. पानी पिऊन बसायचं हुतं नुस्तं. तर भाऊसो म्हनाले, नोझल कुटाय? नोझल आतच ऱ्हायला हुता. केरू म्हनला, त्यो अल्लाच्या नावावर हाय, हरवला तर त्याच्या पगारातनं कापत्याल. आन गेला परत. नोझल घावला. हातातच हुता त्याच्या."

मेहरुनबी चहा ठेवून गेल्या. चहा घ्या असं दोघंही म्हणाले नाहीत.

"माला ईदगावर निरोप आला. नव्या कपड्यानं पळत गेलो. तवर तहसीलदारांची जीप आलती. भाऊसोनं केरूच्या डोस्क्याचं हेल्मेट काढलं आन माज्या डोस्क्यावर ठिवलं. गरम हुतं, सर. त्याच्या पायातलं गमबूट काढलं. कानात म्हनले, अल्ल्या, तू हितंच हुतास. केरू घरी हुता, आग बगाय आला. तोंड उघडलंस तर आठ जनांची चूल इझल. माज्या तीन पोरी हुत्या. मी तोंड उघडलं न्हाई."

"आणि राखणदार?"

"त्यानं जबाबात सांगितलं, धुरात समदी सारकीच दिसत्यात."

मी मोबाईलवरचं रेकॉर्डिंग कधी बंद केलं, मला आठवत नाही. निघताना अल्लाबक्षभाई दारापर्यंत आले. "सर, तुमी इतिहास लिवताय न्हवं? मग येवढं लिवा. आता माजी नोकरी न्हाई जायाची. पेन्शन थांबली तर थांबू दे, पोरी नांदत्यात. पर केरू बगाय गेला न्हवता, येवढं लिवा. मुक्ताबाईला आजून लोक म्हनत्यात, तुजा नवरा आग बगाय गेलता."

मी लिहितो म्हणालो. इतिहासाच्या माणसाला असं म्हणणं फार सोपं जातं.

विश्वजितनी माझी चार पानं शांतपणे वाचली. माणूस वाईट नाही. नीट शिकलेला आहे, नागपूरचा कोर्स केलेला आहे, बंबाचे टायर वेळेवर बदलतो.

"सर, मी त्या वेळी बारावीला होतो," ते म्हणाले. "माझं यात काही नाही. पण हे छापायला मला कागद लागेल. स्मरणिकेवर पालिकेचा शिक्का आहे."

"अल्लाबक्षभाई स्वतः सांगतायत."

"मग त्यांनी अर्ज द्यावा."

अल्लाबक्षभाईंनी अर्ज दिला. नुसता नाही, तहसीलबाहेर झाडाखाली बसणाऱ्याकडून प्रतिज्ञापत्र करून, वर फोटो लावून दिलं. त्यात होतं : मी त्या दिवशी गैरहजर होतो, माझ्या जागी केरू तुकाराम खरात हा कर्तव्यावर असताना मयत झाला, माझं प्रशस्तिपत्र परत घ्यावं, माझ्यावर काय ती कारवाई करावी आणि त्याचं नाव लावावं. सोबत प्रशस्तिपत्र जोडलं होतं, फ्रेमसह. टपाल नोंदवून घेणाऱ्या आवक बारनिशीच्या क्लार्कने फ्रेमच्या काचेवर शिक्का मारला.

बावीस दिवसांनी उत्तर आलं. ते मी तोंडपाठ सांगू शकतो. "आपण सदर दिवशी कर्तव्यावर हजर होता, असे अभिलेखावरून दिसून येते. त्यामुळे आपण गैरहजर असल्याच्या आपल्या म्हणण्यात तथ्य आढळून येत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. सोबत : प्रशस्तिपत्र, मूळ, एक."

अल्लाबक्षभाईंनी ते मला दाखवलं तेव्हा ते पालिकेच्या पायरीवर बसलेले होते, फ्रेम मांडीवर. "सर, मी न्हवतो म्हनतोय तर ऐकनात. माज्यापरास ह्यास्नी जास्त म्हाईत."

मी पुन्हा विश्वजितकडे गेलो. या वेळी त्यांनी दार लोटून घेतलं.

"सर, खरात ड्यूटीवर होता असं मी मान्य केलं, तर भाऊसो पाटलांनी खोटी वर्दी लिहिली असं होतं. मग तहसीलदारांचा पंचनामा खोटा. मग जिल्ह्याचं प्रशस्तिपत्र खोटं. मग ते देणाऱ्याचं काय? आणि एवढं सगळं खोटं ठरवून मिळणार काय, तर दगडावर एक नाव."

दगड ही त्यांचीच कल्पना होती. सुवर्णमहोत्सवानिमित्त फायर स्टेशनच्या आवारात काळ्या पाषाणाचा स्मृतिस्तंभ येणार होता. कर्तव्य बजावताना मरण आलेल्यांची नावं त्यावर कोरायची होती. पन्नास वर्षांचं रेकॉर्ड तपासून स्टेशनने पालिकेला यादी कळवली : निरंक. पण दगडाची ऑर्डर गेली होती. मग त्यावर नगराध्यक्ष, उपनगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि सहा सभापती यांची नावं कोरली गेली. नऊच्या नऊ हयात होते.

"निदान 'नागरिक' शब्दाच्या जागी नाव घालू?" मी विचारलं. "मयत नागरिक केरू खरात. नाव तर पंचनाम्यात आहेच."

विश्वजितनी विचार केला. "नाव घाला. 'नागरिक' राहू द्या."

मुक्ताबाई खरात बुद्ध विहारामागच्या गल्लीत राहतात. केरूच्या मागे त्यांनी पंधरा वर्षं शाळेची खिचडी शिजवली, मुलगा कुणाल पुण्याला कंपनीत लागला. मी काय झालं ते सांगायला गेलो. त्या निवडायला घेतलेलं तांदळाचं सूप बाजूला ठेवून ऐकत होत्या.

"म्हंजे नाव येनार, पर बगनाऱ्यांत," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

"माला पयल्या दिवसापास्नं म्हाईत हाय, सर. घरातनं बूट घालून गेलते, परत आनलं ते अनवानी. बंबवाला आग बगाय जातो, त्यो घरातनं गमबूट घालून जातो व्हय? भाऊसो आले, म्हनले, वैनी, गप ऱ्हावा, अल्लाबक्षाच्या पोरी हायत्या. मी म्हनलं, ऱ्हाते. त्यांचं मानूस ऱ्हायलं तर ऱ्हाऊ द्या." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "पर कुनालला शाळंत पोरं म्हनायची, तुजा बा आगीची जत्रा बगाय गेला आन मेला. त्यो घरी येऊन माला इचारायचा, आई, पप्पा कशाला गेलते बगाय? काय सांगू? तवा सांगितलं न्हाई. आता सांगते तर त्यो म्हनतो, कागद दाखव."

तांदळातला एक खडा त्यांनी उचलून बाहेर टाकला. "अल्लाबक्षभाऊंना म्हनावं, लई तरास करून घिऊ नका. दर ईदला डबा घिऊन येत्यात. सोता खात न्हाईत. हितं बसत्यात आन डबा ठिवून जात्यात."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निमंत्रणपत्रिका छापून आल्या. चौदा तारखेला सकाळी नऊ वाजता स्तंभाचं अनावरण, स्मरणिकेचं प्रकाशन आणि शूर विमोचक अल्लाबक्ष मुलाणी यांचा सत्कार. सत्कारात द्यायला विश्वजितनी एक चांगली वस्तू शोधून काढली होती. फार उत्साहाने त्यांनी मला स्टोअरमध्ये नेऊन दाखवली. ब्रासोने घासून लखलखीत केलेलं जुनं पितळी नोझल, सागवानी पाटावर बसवलेलं.

"ओरिजिनल आहे, सर. त्याच आगीतलं. डेडस्टॉक रजिस्टरला अजून मुलाणींच्याच नावावर होतं. म्हटलं, त्यांनाच देऊ."

मी हे अल्लाबक्षभाईंना सांगायला नको होतं. पण स्टेजवर अचानक समोर येण्यापेक्षा बरं, असं मला वाटलं. त्यांनी ऐकलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरले.

"त्यो मी हातात घिऊ व्हय?" ते म्हणाले. मग, "किती वाजता हाय म्हनला?"

"नऊ."

"बरं."

चौदा एप्रिलला स्टेशनच्या आवारात मांडव होता. बंब धुऊन हार घालून उभा केला होता. स्तंभावरचं कापड ओढलं गेलं, नऊ जिवंत लोकांनी आपापली नावं वाचली आणि दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. ढोल लांबून ऐकू येत होता, विहाराकडून मिरवणूक निघायची तयारी चालली होती. मग निवेदकाने पालिकेच्या पद्धतीने पुकारलं, "विमोचक क्रमांक सात, अल्लाबक्ष बाबालाल मुलाणी!"

कोणी उठलं नाही. निवेदकाने पुन्हा पुकारलं.

"हजर," असा बाईचा आवाज आला.

मागच्या रांगेतून मुक्ताबाई उठल्या. जयंतीची पांढरी, निळ्या काठाची साडी, पायात चपला. त्या सावकाश चालत पुढे आल्या. बसलेल्यांतल्या दोन-तीन निवृत्त बंबवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, सरळ समोर पाहिलं. मग त्यांतला एक, सिद्धू ड्रायव्हर, उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला. बाकीचेही उभे राहिले. नगराध्यक्षांना वाटलं हे कार्यक्रमातच आहे, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

विश्वजित माझ्याकडे वळले. चेहरा उतरला होता. "सर, ह्या कोण?"

"बदलीवर आल्यात," मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर त्या बाईकडे पाहिलं आणि त्यांना कळलं असावं. त्यांनी काही थांबवलं नाही. क्लार्क हजेरीचा कागद घेऊन विचारत होता, काय लिहू? विश्वजित म्हणाले, "लिही, क्रमांक सात हजर." मुक्ताबाईंच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आणि सागवानी पाट आला. फोटो निघाला. तोही आता अभिलेख आहे.

मी त्यांच्याबरोबर विहाराकडे चालत गेलो. पाट माझ्याकडे द्या म्हटलं तर दिला नाही. दर जयंतीला विहारासमोर सरबताचं पिंप असतं आणि त्यावर मुक्ताबाई उभ्या असतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. आज तिथे अल्लाबक्षभाई होते. डोक्याला रुमाल, हातात लांब दांड्याचं ओगराळं. पोरं ग्लास पुढे करत होती आणि ते भरत होते.

"चाचा, मावशी कुठाय?" कोणीतरी विचारलं.

"डुटीवर गेल्याती," ते म्हणाले. मग आम्ही दिसलो आणि त्यांचा हात थांबला.

मुक्ताबाईंनी पाट पिंपाशेजारी पडलेल्या झाकणावर ठेवला. नोझल पाटाला दोन चापांनी आवळलेलं होतं. त्यांनी एक चाप नखाने उचकटला, मग दुसरा. नोझल सुटून हातात आलं. हातभर लांबीचं, एका टोकाला चेपलेलं. चेपलेल्या जागी ब्रासो पोचलं नव्हतं, तिथे ते अजून काळं होतं.

त्या ते एका तळहातावर घेऊन उभ्या राहिल्या. बाजारात भाजीवालीच्या वजनावर विश्वास नसला की बायका हाताने तोलतात, तसं त्यांनी ते दोनदा वरखाली केलं.

"येवढाच व्हय ओ?" त्या म्हणाल्या.

अल्लाबक्षभाईंनी मान हलवली. समोर ग्लासांची रांग वाढली होती, ढोल जवळ आला होता, आणि एक पोरगी ग्लास वाजवत म्हणत होती, "चाचा, द्या की लौकर."

त्यांनी ओगराळं पिंपात बुडवलं.